‘की’ या शब्दाचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी : भाषा, गणित व शारीरिक शिक्षण यांचा संयुक्त पाठ)



खेळाच्या मैदानावरचे शब्द हे भाषेच्या तासाचे धन आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही. खुंट, पाटी, लॉबी, निदान रेषा हे शब्द मुलांच्या ओठी रोजचे असतात. परंतु त्यांपैकी एखाद्या शब्दावर वर्गात पाच मिनिटे बोलणे झाले, असे पाठटिपणांतून क्वचितच आढळते. प्रस्तुत पाठात मैदानावरचाच एक शब्द घेतला आहे. मात्र तो आपल्या देशी खेळांतला नसून बास्केटबॉलच्या मैदानावरील आहे. तो शब्द म्हणजे ‘की’.

आपल्या रोहा तालुक्याची, किंबहुना साऱ्या रायगड जिल्ह्याची माती कबड्डीची. प्राथमिक शाळांच्या आवारात बास्केटबॉलचे खांब सहसा दिसत नाहीत. मग हा परका शब्द शिकविण्याची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. गरज अशी आहे, की आपली मुले सातवी उत्तीर्ण होऊन रोहे, पेण, अलिबाग येथील मोठ्या शाळांत जातात. तेथे नवा खेळ त्यांच्यापुढे येतो, तो केवळ चेंडू व टोपली घेऊन येत नाही. तो आपले शब्द घेऊन येतो. ज्याला शब्द ठाऊक असतो तो खेळात उतरतो, ज्याला ठाऊक नसतो तो कडेला बसतो.

मागील थंडीच्या दिवसांत एका माध्यमिक शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव सामना पाहण्याचा योग आला. त्यात आठवीतील एक मुलगी होती. आपल्याच एका प्राथमिक शाळेतून ती नुकतीच तेथे गेली होती. पळण्यात चपळ, उंचीने बरी आणि धीट. ती धावत जाऊन टोपलीखाली उभी राही आणि चेंडूची वाट पाही. पंचांची शिट्टी वाजे, पंच तीन बोटे दाखवीत आणि चेंडू दुसऱ्या संघास देत. असे तीन वेळा झाले. बाहेरून त्यांचे क्रीडाशिक्षक ओरडत होते, “की सोड, की सोड!” मुलगी इकडेतिकडे पाही आणि पुन्हा तेथेच उभी राही. खेळ संपल्यावर तिला जवळ बोलावून विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर म्हणत होते की सोड, पण काय सोड, ते बोललेच नाहीत. आणि पंचांनी तीन बोटे केली म्हणजे तिकडच्यांना तीन गुण दिले ना?” त्या आठवड्यात ती पुन्हा खेळावयास उतरली नाही, असे मागाहून कळले.

मुलीच्या बोलण्यात हसण्यासारखे काही नाही. मराठीत ‘की’ हे अव्यय आहे. ‘तो म्हणाला की’ असे म्हटल्यावर पुढे काहीतरी यावयाचे असते. तिने पुढच्या शब्दाची वाट पाहिली, हे तिच्या भाषाज्ञानाचेच लक्षण होय. उणे एवढेच, की या एका अक्षराचा तिसरा एक अर्थ मैदानावर आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तो अर्थ तिला पाचवीतच सांगता आला असता, आणि त्यास खांब, कडे वा सिमेंटचे मैदान यांपैकी कशाचीच आवश्यकता नव्हती.

आकृती आणि नाव

बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. दोन्ही टोकांस ३.०५ मीटर उंचीवर कडे बसविलेले असते. प्रत्येक कड्याच्या पुढ्यात, अंत्यरेषेपासून आत ५.८० मीटर लांब आणि ४.९० मीटर रुंद असा एक आयत आखतात. आयताची मैदानाच्या मध्याकडील बाजू ही फ्री थ्रोची रेषा. त्या रेषेचा मध्यबिंदू केंद्र धरून १.८० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ बाहेरच्या अंगास काढतात. या आयतास खेळाडू ‘की’ म्हणतात. सिमेंटच्या वा लाकडी मैदानावर तो भाग निराळ्या रंगाने रंगवितात, म्हणून त्याला ‘पेंट’ असेही नाव आहे. आपल्या मातीच्या मैदानावर रंग कोठून येणार? तेव्हा ‘पेंट’ हा शब्द मुलांस नुसता सांगून ठेवावा, त्यावर वेळ घालवू नये.

इंग्रजीत ‘की’ म्हणजे किल्ली, हे सहावीच्या मुलांस माहीत असते. आता फळ्यावर आजचा आयत व अर्धवर्तुळ काढून मुलांस विचारावे, “यात किल्ली कोठे दिसते?” कोणासही दिसणार नाही. मग पुसून जुनी आकृती काढावी. पूर्वी हा पट्टा अवघा ६ फूट रुंद असे, म्हणजे सुमारे १.८३ मीटर, आणि त्याच्या टोकाशी १२ फूट व्यासाचे वर्तुळ असे. वर मोठे वर्तुळ आणि खाली अरुंद पट्टा अशी आकृती झाली, की चलाख मूल लगेच सांगेल : हे तर कुलुपाचे भोक! शाळेच्या जुन्या लाकडी कपाटाचे वा एखाद्या जुन्या पेटीचे कुलूप दाखविता आल्यास उत्तम. त्या भोकाचा आकार तंतोतंत असाच असतो. किल्लीच्या भोकासारखा भाग, यावरून बोलण्यात नुसते ‘की’ राहिले. लांब नाव जिभेवर झिजून लहान होते, हा अनुभव आपल्यास नवा नाही.

पुढे पट्टा रुंद झाला, भोकाचा आकार नाहीसा झाला. नाव मात्र तसेच राहिले. येथे भाषेच्या तासाचा गाभा आहे. वस्तू बदलते आणि शब्द टिकून राहतो, याची मराठीतील उदाहरणे मुलांकडूनच काढून घ्यावीत. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला. आज आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतो, खोबऱ्याचे तेल म्हणतो, एवढेच नव्हे तर जमिनीतून निघणाऱ्या खनिजासही तेलच म्हणतो. ‘शाई’ हा शब्द फारसीतील काळेपणा दर्शविणाऱ्या शब्दावरून आलेला. तरी आपण उत्तरपत्रिका तपासतो ती लाल शाईने, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. ‘की’ हा शब्द याच घराण्यातला. शब्दाचा उगम कळणे आणि शब्दाचा आजचा अर्थ कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या तीन शब्दांवरून पाचवीच्या मुलासही समजेल.

पट्टा रुंद का झाला?

याचे उत्तर द्यावयाचे तर खेळाच्या जन्मापासून थोडे सांगावे लागते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ रचिला. थंडीत बाहेर खेळता येत नाही आणि व्यायामशाळेतील कवायतीस विद्यार्थी कंटाळले आहेत, ही त्यांची अडचण. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा १० फूट उंच होता, म्हणून कडे आजही १० फुटांवरच, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे. टोपल्यांस तळ होता. चेंडू पडला की शिडी लावून काढावा लागे. त्या वेळच्या तेरा नियमांत ‘की’चा मागमूस नव्हता. चूक झाल्यास मोकळी फेक देण्याची रीत १८९४ मध्ये आली आणि १८९५ मध्ये फेकीची रेषा १५ फुटांवर ठरली. ते अंतर जवळजवळ जसेच्या तसे आजही टिकून आहे : फळ्यापासून ४.६० मीटर.

भारतात या खेळाचा प्रसार प्रामुख्याने वाय.एम.सी.ए.च्या द्वारे झाला. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. आपल्या राज्यात मुंबईचा नागपाडा ही या खेळाची जुनी वस्ती. तेथील अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत घडलेले अब्बास मुन्तसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला. एवढी माहिती मुलांस पुरे. नागपाडा रोह्यापासून काही फार दूर नाही, हे अवश्य सांगावे. खेळ अमेरिकेचा असे म्हटले की मुलांस तो चंद्रावरचा वाटू लागतो.

आता पट्ट्याकडे वळू. कडे उंचावर असल्यामुळे उंच खेळाडूने कड्याखाली ठाण मांडून उभे राहावे, इतरांनी त्याच्याकडे चेंडू फेकावा आणि त्याने तो अलगद आत टाकावा, ही युक्ती लवकरच सुचली. मग धावणे कशास, चेंडू खेळवणे कशास? खेळ एका माणसाच्या उंचीवर येऊन ठेपला. त्यावर तोड म्हणून १९३० नंतरच्या वर्षांत तीन सेकंदांचा नियम आला. चढाई करणाऱ्या संघाच्या खेळाडूने या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबावयाचे नाही. पट्टा आधी होता, तो फेकीच्या वेळी इतरांनी कोठे उभे राहावे एवढे दाखविण्यापुरता. नियम आला तेव्हा त्याला खरा अर्थ आला.

परंतु सहा फुटी पट्टा उंच माणसास एका पावलाचा. जॉर्ज मायकन हे अमेरिकेचे खेळाडू ६ फूट १० इंच उंच होते. पट्ट्याच्या बाहेर एक पाय टाकूनही त्यांचा हात कड्याजवळच असे. म्हणून तेथील व्यावसायिक संघटनेने १९५१ मध्ये पट्टा दुप्पट, म्हणजे १२ फूट रुंद केला. पुढे विल्ट चेंबरलेन आले, ७ फुटांहून उंच. १९६४ मध्ये पट्टा १६ फूट झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने दुसरीच वाट धरली. त्यांनी १९५६ पासून हा पट्टा समलंब चौकोनाच्या आकाराचा केला. फेकीच्या रेषेशी ३.६० मीटर आणि अंत्यरेषेशी ६ मीटर, म्हणजे कड्याजवळ अधिक रुंद. २०१० च्या ऑक्टोबरापासून तो आकार जाऊन आजचा ४.९० मीटर रुंदीचा आयत आला. एखाद्या जुन्या सिमेंटच्या मैदानावर खाली पसरट होत गेलेला पट्टा मुलांस दिसला, तर तो चुकीचा आखला आहे असे त्यांस वाटू नये. तो आपल्या काळचा बरोबरच होता.

येथे गणिताच्या शिक्षकाने पुढे यावे. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ शिकविताना पुस्तकातील उदाहरणे कोरडी असतात. ३.६ व ६ यांची बेरीज ९.६, तिची निम्मे ४.८, गुणिले उंची ५.८, उत्तर २७.८४ चौरस मीटर. आजच्या आयताचे क्षेत्रफळ ४.९ गुणिले ५.८, म्हणजे २८.४२ चौरस मीटर. आकार पार बदलला. क्षेत्रफळात फरक अवघा ०.५८ चौरस मीटर, म्हणजे एक लहान सतरंजीभर. मुलांस आधी अंदाज करावयास सांगावे व मग आकडेमोड करून घ्यावी. अंदाज बहुधा चुकतो, आणि चुकलेल्या अंदाजामुळेच उत्तर लक्षात राहते. साऱ्या मैदानाचे क्षेत्रफळ ४२० चौरस मीटर. त्याचा सुमारे पंधरावा भाग म्हणजे एक ‘की’. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढे नियम!

रेषा कोणाची?

नियम मुलांस सांगताना तो तुकड्या-तुकड्याने सांगावा. आपल्या संघाकडे चेंडू आहे, तो समोरच्यांच्या टोपलीकडील अर्ध्या भागात आहे आणि घड्याळ चालू आहे, अशा वेळी त्या टोपलीपुढील कीमध्ये सलग तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबू नये. थांबल्यास चेंडू दुसऱ्या संघास मिळतो. गुण कोणासही मिळत नाहीत. पंचांची तीन बोटे ही तीन सेकंद दाखवितात. गुणांचा येथे संबंध नाही. बचाव करणाऱ्यांस, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, हे बंधन नाही. आत जाण्यास मनाई मुळीच नाही. जावे, चेंडू घ्यावा, टाकावा, निघावे, पुन्हा यावे. बाहेर गेले असे केव्हा म्हणावयाचे? दोन्ही पाय पट्ट्याबाहेर जमिनीस टेकतील तेव्हा. एक पाय बाहेर टाकून दुसरा आत ठेवणे म्हणजे आतच असणे होय. बाहेर पडण्याच्या प्रयत्नात असलेल्यास पंच थोडी सवलत देतात.

आणि रेषा? कीची रेषा कीमध्येच धरतात. या एका वाक्यावर थोडे थांबावे, कारण मुले मैदानावर भांडतात ती बहुतेक रेषेवरून. बास्केटबॉलमध्ये एक गमतीची संगती आहे. बाजूच्या रेषेवर चेंडू घेऊन पाय पडला तर खेळाडू मैदानाबाहेर. तीन गुणांच्या रेषेवर पाय ठेवून चेंडू टाकला तर गुण दोनच. फेकीच्या रेषेवर पाय पडला तर फेक बाद. मध्यरेषेवर पाय असेल तर पुढच्या अर्ध्यात आलो असे होत नाही. कीच्या रेषेवर पाय असेल तर तीन सेकंद मोजले जात राहतात. पाचही ठिकाणी रेषा चेंडूवाल्याच्या विरुद्ध पक्षाची. ही संगती ध्यानी आली म्हणजे पाच नियम निरनिराळे पाठ करावे लागत नाहीत.

आमच्या मुलांस हे समजावयास कबड्डीसारखे साधन दुसरे नाही. निदान रेषा हा शब्दच पाहा. ‘निदान’ म्हणजे कमीत कमी, एवढे तरी. चढाई करणाऱ्याने कोणास स्पर्श केला नाही तरी निदान ही रेषा ओलांडली पाहिजे. न ओलांडता परतला तर तो बाद. नावातच नियम आहे. ज्या कोणी हा शब्द योजिला त्याला भाषा कळत होती आणि खेळही कळत होता. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. हे आकडे आमच्या गावच्या मुलांस पाठ असतात, ते कोणी फळ्यावर लिहून दिल्यामुळे नव्हे. त्या आकड्यांवर त्यांचे बाद होणे अवलंबून असते म्हणून.

‘की’शी खरे साम्य आहे ते लॉबीचे. कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंस १ मीटरचा पट्टा असतो. स्पर्श वा झटापट होईपर्यंत तो पट्टा मैदानाचा नव्हे, त्यात पाय टाकणारा बाद. झटापट सुरू झाली की तोच पट्टा मैदानाचा होतो. जमीन तीच, रेषा तीच, प्रसंग बदलला की तिचा अर्थ बदलतो. कीमध्येही तसेच : पहिल्या सेकंदास ती जागा आपल्या लाभाची, तीन सेकंद उलटले की तोट्याची. त्या मुलीस कोणी एवढेच सांगितले असते, की “ही टोपलीपुढची लॉबी समज, येथे वेळेवर अर्थ बदलतो,” तर तिने पुढचे आपण होऊन ओळखले असते. चढाईस ३० सेकंद असतात आणि ती मनात मोजण्याची सवय आमच्या मुलांस आहे. येथे त्याचा दहावा भाग मोजावयाचा.

मराठी नाव काय द्यावे?

शब्दाचे भाषांतर करण्याची हौस आपणा शिक्षकांस असते, ती वाईट नाही. पण येथे जपून वागावे. ‘किल्ली’ म्हटले तर मुले किल्लीचा आकार शोधीत बसतील, तो आता उरलेला नाही. नियमांच्या पुस्तकातील इंग्रजी नावावरून ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा शब्द काही ठिकाणी योजतात. तो कागदावर शोभतो. परंतु धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या वाटेने शाळेत येणाऱ्या मुलाने ‘प्रतिबंधित’ हा शब्द वाचला असेल तर तो फाटकावर, आणि त्याचा अर्थ त्याच्या मते ‘आत येऊ नये’ असा. तो मुलगा कीमध्ये पाऊलच टाकणार नाही, आणि टोपलीजवळ न जाता हा खेळ खेळता येत नाही. मला विचाराल तर वर्गात ‘तीन सेकंदांचा पट्टा’ असे म्हणावे आणि मैदानावर ‘की’ हाच शब्द ठेवावा. पहिला शब्द अर्थ सांगतो. दुसरा उद्या दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या तालुक्यात, मुंबईच्या मैदानावर त्यांच्या कानी पडणार आहे. क्रीडाशिक्षकांनीही ओरडताना ‘की सोड’ ऐवजी ‘पट्ट्याबाहेर ये’ असे सुरुवातीचे काही दिवस म्हटले तर बिघडणार नाही.

आखणी

पावसाळ्यात आपल्याकडे फक्कीची रेषा एक सरही टिकत नाही. आखणी दिवाळीनंतर, जमीन वाळून घट्ट झाल्यावर करावी. मातीच्या मैदानाचा कमीपणा मात्र मानू नये. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्यात पाऊस आला, चिखल झाला, चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडावर १९-८ असा विजय मिळविला तो त्या चिखलातच. सामने पाहण्यास स्वतः नेस्मिथ आले होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, ही गोष्ट मुलांस सांगितल्यावाचून राहू नये.

आखणीस चार खुंट्या, सुतळी, मापाची टेप आणि फक्की पुरे. काटकोन साधण्यास १२ मीटर सुतळी घ्यावी. ३ मीटरवर आणि तेथून पुढे ४ मीटरवर गाठ मारावी, टोके जुळवावीत. उरलेली बाजू ५ मीटरची होते आणि ३ व ४ च्या मध्ये काटकोन मिळतो. आयत आखून झाला की दोन्ही कर्ण मोजावेत. प्रत्येक सुमारे ७ मीटर ५९ सेंटिमीटर भरला पाहिजे. दोन्ही सारखे नसतील तर आयत कलला आहे असे समजावे. अर्धवर्तुळासाठी रेषेच्या मध्यावर खुंटी रोवून १.८० मीटर सुतळीच्या टोकास धरलेल्या काडीने रेघ ओढावी. हे काम मुलांकडून करून घ्यावे. शिक्षकाने आखून दिलेली रेषा मुले पुसून टाकतात. आपण आखलेली राखतात.

प्राथमिक शाळेच्या अंगणात २८ मीटर लांबी क्वचितच मिळते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉलचे नियम आहेत. त्यात कडे २.६० मीटर उंचीवर, चेंडू लहान म्हणजे ५ क्रमांकाचा, फेकीची रेषा फळ्यापासून ४ मीटरवर आणि मैदान २८ : १५ या प्रमाणात लहान केलेले चालते. २० मीटर लांबी मिळाल्यास रुंदी किती, हे त्रैराशिक मुलांनी सोडवावे. उत्तर ११ मीटरच्या जरा खाली येईल. पट्ट्याची रुंदी अशा मैदानात ४ मीटर ठेवल्यास सोयीचे होते. खांब नसला तर आंब्याच्या फांदीस टोपली बांधावी. पहिल्या खेळातही टोपलीच होती आणि तिला तळही होता. आपण तळ काढला म्हणजे आपण त्यांच्या पुढेच गेलो.

टोपलीही नसेल तर पट्टा आखून नुसता तीन सेकंदांचा खेळ घ्यावा. पाच जणांनी पट्ट्याभोवती उभे राहून चेंडू एकमेकांकडे फेकावा. त्यांतील एकाने पट्ट्यात जाऊन चेंडू झेलून परत द्यावा आणि वेळेत निघावे. कडेच्या मुलाने मोठ्याने मोजावे. ‘एक, दोन, तीन’ असे मोजल्यास दीड सेकंदातच तीन होतात. त्याऐवजी ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे सावकाश म्हणावयास लावावे आणि प्रथम घड्याळाशी ताडून पाहावे. प्रत्येक मुलास व मुलीस मोजण्याची पाळी यावी. मोजणाऱ्यास नियम खेळणाऱ्याहून लवकर कळतो.

पाठाच्या शेवटी तोंडी विचारावयाचे प्रश्न पुढीलप्रमाणे घ्यावेत. किल्लीच्या भोकाचा आकार राहिला नाही, तरी नाव का राहिले? असे आणखी दोन मराठी शब्द सांगा. निदान रेषेच्या नावात कोणता नियम दडला आहे? पंचांनी शिट्टी वाजवून तीन बोटे दाखविली आणि चेंडू दुसऱ्या संघास दिला, तर कोणास किती गुण मिळाले? आणि अखेरचा प्रश्न मैदानावर, फक्कीच्या रेषेशी एका मुलीस उभे करून विचारावा : हिच्या संघाकडे चेंडू आहे, हिचा एक पाय रेषेवर आहे, दुसरा बाहेर आहे, तर ही कीमध्ये आहे, की कीबाहेर?